औंध: देवीच्या वाटेवरची चित्रं

साताऱ्यातले आधीचे दिवस कास आणि ठोसेघरच्या गर्दीत गेले. त्यांच्याबद्दल लिहायची इच्छा नाही. लिहायचंय ते औंधबद्दल.

रहिमतपूर मागे पडलं की मुलूख कोरडा होत जातो. माळ, ज्वारी, मधूनच एखादं बाभळीचं बन. खटाव तालुक्याच्या या पावसाला महाग असलेल्या भागात मूळपीठ नावाचा डोंगर आहे. वर यमाईचं देऊळ आणि त्याच डोंगरावर श्री भवानी चित्रसंग्रहालय. देवीला आलेली माणसं चित्रंही बघून जातात. म्हणजे हातात ओटीच्या नारळाची पिशवी, कपाळावर ताजा मळवट, आणि समोर राजा रविवर्मा!

आमच्या पुढेच एक आजी आणि तिची सात-आठ वर्षांची नात होती. ‘सैरंध्री’पाशी नात थबकली.

“आज्जे, ही अशी का उभी ऱ्हायलीया?”

आजीनं चित्राकडं नीट पाहिलं. “द्रौपदी हाय ती. वनवासानंतर राणीच्या घरी दासी म्हणून ऱ्हायली व्हती. राणीनं तिला कीचकाच्या घरी दारू आणाय धाडलं. तिला जायचं न्हाय, पर सांगती कुणाला?”

“मग गेली?”

“गेली की. पर भीमानं त्याला सोडला न्हाय.”

पाटी न वाचता, विराटपर्वातली अख्खी गोष्ट आजीनं चार वाक्यांत सांगितली. चित्राचा काळ, शैली, रंग असलं बरंच काही मी घोकून गेले होते. ते सगळं तिथं मला फिकं वाटलं. रविवर्म्यानं रंगवलेला पेच त्या बाईला आतून ठाऊक होता. मी त्यांच्या मागेमागेच फिरत राहिले.

हा संग्रह ज्यांनी उभा केला त्या बाळासाहेबांना, म्हणजे भवानराव श्रीनिवासराव पंतप्रतिनिधींना, हे दृश्य नक्की आवडलं असतं. १९०९ मध्ये ते औंधच्या गादीवर आले. संस्थान लहान, त्यात दुष्काळी. बडोदा-म्हैसूरसारखा खजिना त्यांच्याकडे कधीच नव्हता. पण राजा स्वतः चित्रकार होता आणि कीर्तनकारही. रामायणावर त्यांनी चित्रमालिका केली, अजिंठ्यावर पुस्तक लिहिलं. पुण्याच्या भांडारकर संस्थेनं महाभारताची चिकित्सक आवृत्ती (जुन्या हस्तलिखितांचे पाठ ताडून ठरवलेली) काढावी, तीही सचित्र, हा आग्रह त्यांचाच, आणि त्यासाठी लाखाची देणगीही त्यांनीच देऊ केली. चित्रकार असलेले पंडित सातवळेकर वेदांच्या कामासाठी औंधला येऊन राहिले, तेही या राजाच्या आधारानं.

त्यामुळे इथला संग्रह शौक म्हणून जमवलेला वाटत नाही. एखाद्या चित्रकाराला आयुष्यभर जे जे डोळ्यांसमोर असावंसं वाटेल, ते इथे आहे: पहाडी आणि मुघल लघुचित्रं, एम. व्ही. धुरंधर आणि बाबूराव पेंटर या चित्रकारांची चित्रं, हस्तिदंतावरचं आणि चंदनावरचं कोरीवकाम, युरोपातल्या नामवंत चित्रांच्या नकला. या नकलांना नाकं मुरडणारे मला भेटले आहेत. मला तो दृष्टिकोन पटत नाही. खटावातला शेतकरी पॅरिसला कधी जाणार होता? त्याला ती चित्रं दिसायची तर ती इथेच यायला हवी होती.

विख्यात इंग्रज शिल्पकार हेन्री मूरचं ‘आई आणि मूल’ हे दगडी शिल्पही इथे आहे, या एवढ्याशा गावात. आजी तिथं थांबली नाही. मी बराच वेळ थांबले.

संग्रहालय १९३८ मध्ये उभं राहिलं. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात बाळासाहेबांनी राज्यकारभार प्रजेच्या हाती देण्याची घोषणा केली आणि १९३९ च्या जानेवारीत गांधीजींच्या सल्ल्यानं केलेली राज्यघटना लागू झाली. सत्ता सोडणं आणि चित्रं सर्वांसाठी खुली करणं ही दोन कामं एका माणसानं जवळपास एकाच वेळी केली. मला या दोन्हींमागे एकच मन दिसतं. ज्याला वाड्यात काही दडवून ठेवायचं नाही, असं मन.

१९४८ मध्ये संस्थान विलीन झालं, संग्रह मात्र डोंगरावरच राहिला. मुंबईला असता तर बघणारे कितीतरी पटींनी वाढले असते, हे मान्य. तरीही तो हलवावा असं मला अजिबात वाटत नाही. मुंबईच्या दालनात ओटी भरून आलेली आजी आणि तिची नात कुठून येणार?

तुम्ही गेलात तर लघुचित्रांना घाई करू नका. आमच्या गाडीतली मंडळी वरच्या देवळाकडे निघायची गडबड करत होती, त्यामुळे किरातार्जुनीयाची पहाडी मालिका मला हवी तितकी बघता आली नाही आणि त्याची चुटपुट अजून आहे. रानडुकरावरून अर्जुन आणि किरातरूपी शंकर कसे भांडले, ती गोष्ट आधी वाचून जा. मग एकेका चित्रापाशी थांबून ती पुढे सरकताना दिसते.