हंपी सायकलवर एका दिवसात होते का? तुम्ही विचारलंत म्हणून

होते. रस्ता तसा जेमतेम २०-२२ किलोमीटरचा. दिवस फसतो तो उन्हामुळे आणि काट्यांमुळे, म्हणून वाटेचा क्रम या दोघांकडे बघून ठरवायचा. बहुतेक जण हंपी बाजारातून निघून जवळची देवळं आधी पाहतात आणि विठ्ठल मंदिराला ऐन दुपारी पोहोचतात. नेमकं उलटं करा.

सायकल आदल्या संध्याकाळी भाड्याने घ्या आणि लगेच तपासा. दोन्ही ब्रेक करकचून दाबून सायकल पुढे ढकला. चाक फिरलं तर दुसरी मागा. पेडल सगळ्यात खाली असताना त्यावर टाच टेकवली, की गुडघा सरळ व्हायला हवा. सीट त्याहून खाली असेल तर दुपारपर्यंत गुडघे बोलू लागतात. टायरवर लिहिलेल्या मर्यादेच्या आत, पण टणक हवा भरा. मऊ टायर दगडावर आपटला की ट्यूब रिम आणि दगडाच्या मध्ये चिमटून फाटते.

सकाळी हंपी बाजारातून बाहेर पडतानाच चढ लागतो. तो थंडाव्यात संपवून कमलापूरमार्गे तळारिगट्ट दरवाजाकडे वळा. विठ्ठल मंदिर साधारण ९ किलोमीटर. तिकीटखिडकी उघडण्याच्या सुमारास पोहोचा. वाहनतळापासून देऊळ किलोमीटरभर आहे. सायकल तिथेच कुलूप लावून ठेवा आणि बॅटरीच्या गाडीत न बसता चालत जा, कारण जुन्या बाजारपेठेचे खांब आणि पुष्करणी याच वाटेवर आहेत. पंढरपूरचा विठ्ठल विजयनगरच्या कृष्णदेवरायाने इथे आणला आणि एकनाथांचे पणजोबा भानुदास यांनी तो परत नेला, ही वारकरी परंपरेतली कथा तुम्हाला ठाऊक असेलच. आज गाभारा रिकामा आहे. तिथे थोडं थांबा. दगडी रथाच्या गर्दीत बरेच जण गाभाऱ्यापर्यंत पोहोचतच नाहीत.

तिकीट फाडून टाकू नका. त्याच दिवशी ते जनाना भागात (राजघराण्यातल्या स्त्रियांच्या आवारात) आणि कमलापूरच्या संग्रहालयातही चालतं. शुक्रवारी संग्रहालय बंद असतं, म्हणून तो वार टाळा. परतताना नदीकाठची पायवाट जवळची वाटेल, पण तिच्यात पायऱ्या आणि धोंडे आहेत, सायकल उचलून न्यावी लागते. आल्या रस्त्यानेच या.

पंक्चर बहुधा वेड्या बाभळीच्या काट्याने होतं, तेही डांबर सोडून कडेला सायकल लावताना. पॅच, पॉलिश पेपर, सोल्युशन, टायर काढायच्या दोन पट्ट्या आणि पंप जवळ ठेवा. ट्यूब घासा, सोल्युशन पातळ लावा आणि ते हाताला चिकटेनासं होईपर्यंत चार-पाच मिनिटं थांबा. ओल्यावर लावलेला पॅच सुटतो. मग टायरच्या आतून कापड फिरवा. अडकलेला काटा काढला नाही, तर दहा मिनिटांत पुन्हा तेच. सायकल उन्हात उभी करू नका, जुने पॅच तापून उचलतात.

बारा ते तीन कमलापुरात. जेवण आणि संग्रहालय. तिथल्या अंगणातल्या हंपीच्या प्रतिकृतीत सकाळची वाट शोधून पाहा, मग टेकड्यांमधून शहर कसं बसवलं होतं ते कळतं. पाणी माणशी तीन लिटर धरा. निम्मं इथे पुन्हा भरा.

तीननंतर राणीचं स्नानगृह, मग महानवमी दिब्बा हा उंच दगडी चौथरा. शेजारच्या पायऱ्यांच्या पुष्करणीसाठी वेळ राखून ठेवा. तिच्या काळ्या दगडांवर कोणता कुठे बसवायचा याच्या खुणा कोरलेल्या आहेत, आणि पाणी आणणारे दगडी पाट अजून उभे आहेत. हजार राम मंदिराच्या भिंतींवर रामायण आहे. जनाना भाग मात्र बंद व्हायच्या आत गाठा: कमल महाल आणि अकरा दालनांची गजशाळा तिथेच. पुढे ६.७ मीटर उंचीचा, १५२८ सालचा उग्र नरसिंह, त्याला लागून पाण्यात उभं असलेलं बडवीलिंग हे शिवलिंग, आणि कृष्ण मंदिर, हे सगळं एकाच रस्त्यावर येतं.

सूर्यास्त हेमकूट टेकडीवरून पाहा. सायकल खालीच ठेवा, खडकावर ती नेऊ नका. अंधार पडू लागला की उतरा. सकाळचा चढ आता बाजारापर्यंतचा उतार झालेला असतो आणि वाटेत माणसं, गाई असतात. मागचा ब्रेक आधी दाबा, मग पुढचा हळूहळू. दिवा नसेल तर सायकल हातात धरून चालत या.