लागरमधल्या बटरचा छडा लागला (बहुतेक)

पुण्याहून आणलेली हेलेस (थंडीत आंबवलेली, सोनेरी जर्मन लागर) पुन्हा बटर मारतेय. टॅपवर चाखली तेव्हा निर्मळ होती: ताज्या पावाचा वास, शेवटाला जेमतेम कडवटपणा. त्याच टाकीची तीच बिअर संध्याकाळी जुळे सोलापुरात उघडली तर थिएटरातल्या पॉपकॉर्नचा भपका. त्याच गाडीतून आलेल्या गव्हाच्या बिअरला काही झालं नाही, काळ्या स्टाउटलाही नाही. त्यामुळे आपल्या चाखणाऱ्या गटाचं या वेळचं अपडेट जवळजवळ सगळं लागरवर.

संशय तिघांवर होता: टॅपची लाइन (टॅपपर्यंत बिअर आणणारी नळी), ग्राउलर (टॅपवरची बिअर घरी न्यायची झाकणाची मोठी बाटली) आणि रस्त्यातली उष्णता.

लाइन अस्वच्छ असली की तिच्यात पेडिओकॉकस आणि लॅक्टोबॅसिलस वाढतात, आणि हे जंतूही डायअसिटिल, म्हणजे बटरचा वास देणारं रसायन, तयार करतात. पण मग वास टॅपवरच्या ग्लासातही यायला हवा. सगळ्यात जास्त दिवसातल्या पहिल्या ग्लासात, कारण ती बिअर रात्रभर लाइनमध्येच बसलेली असते. सोबत थोडी आंबट झाक आणि गढूळपणाही दिसतो. टॅप उघडल्या उघडल्या पहिला ग्लास मागून घेतला (देणारा विचित्र नजरेने बघतो, बघू दे), त्यात यातलं काहीच नव्हतं. लाइन सुटली.

ग्राउलरच्या कोपऱ्यात जंतू असले तरी पाच-सहा तासांत एवढा वास उठवणं त्यांना जमत नाही. तरी खात्रीसाठी एक जुना ग्राउलर धुण्याच्या सोड्याच्या गरम पाण्याने घासून आणि एक कोरा करकरीत, असे दोन एकाच टॅपवरून भरले. बटर दोन्हींत. म्हणजे ग्राउलरही सुटला.

उरली उष्णता. पण नुसत्या उष्णतेने बटर कुठून येईल? उष्णता खाल्लेल्या बिअरला ओल्या पुठ्ठ्याचा वास येतो, बटरचा नाही. खरी मेख इथे आहे. आंबताना यीस्ट व्हॅलीन हे अमिनो आम्ल बनवतं आणि त्या वाटेवरचा अल्फा-असिटोलॅक्टेट थोडा पेशीबाहेर सांडतो. त्याला स्वतःचा वास नाही. तो यीस्टच्या मदतीशिवाय, आपला आपणच डायअसिटिलमध्ये बदलतो. हा बदल थंडीत रेंगाळतो, गरमीत झपाट्याने होतो, आणि ऑक्सिजन मिळाला की आणखी जोर धरतो. तयार झालेलं डायअसिटिल यीस्ट पुन्हा आत घेतं आणि त्याचं असिटोइन, पुढे ब्युटेनडायॉल करून टाकतं. हे दोन्ही नाकाला फारसे जाणवत नाहीत. डायअसिटिल मात्र हलक्या लागरमध्ये लिटरमागे ०.१ मिलिग्रॅमच्या आसपास असलं तरी बऱ्याच जणांना कळतं.

म्हणूनच लागर आंबत संपत आली की ब्रूअर तापमान १०–१२ अंशांवरून १५–१८ वर नेतात आणि दोन-तीन दिवस तिथेच ठेवतात. हीच डायअसिटिल रेस्ट. टाक्या मोजक्या आणि शनिवार-रविवारची गर्दी मोठी असली की कात्री याच दिवसांवर चालते. बिअर घाईने थंड केली, यीस्ट खाली बसवून काढून टाकलं, की पूर्वद्रव्य, म्हणजे तो अल्फा-असिटोलॅक्टेट, तसंच राहतं. टॅपवर ३ अंशांना ते गप्प असतं, इंदापूर-टेंभुर्णी करत सोलापुरात पोचेपर्यंत जागं होतं. निस्तरायला तोवर पुरेसं यीस्ट उरलेलं नसतं. गव्हाची बिअर आणि स्टाउट १८–२२ अंशांना आंबतात, त्यामुळे त्यांची रेस्ट परस्पर होऊन जाते. शिवाय गव्हाच्या बिअरमध्ये यीस्ट तरंगतच असतं.

अंदाज पटण्याजोगा होता, पण तो सिद्ध करायचा तर दोन चाचण्या हव्यात.

पहिली रस्त्यावरची. एकाच टॅपवरून दोन ग्राउलर. एक बर्फाच्या पेटीत, प्रोब थर्मामीटरवर २ ते ४ अंश. दुसरा कापडी पिशवीत मागच्या सीटखाली. पुणे ते सोलापूर अडीचशे किलोमीटर, त्यात भिगवणला मासे खायला थांबलं की गाडी तासभर उन्हात. एप्रिल-मेमध्ये बंद गाडी आतून सहज ५० अंशांच्या वर जाते. घरी आल्यावर दोन्ही ग्राउलर एकाच तापमानाला आणून त्रिकोणी चाचणी: तीन ग्लास, दोनांत एक बिअर, तिसऱ्यात दुसरी, वेगळा ग्लास ओळखायचा. नुसत्या अंदाजाने तिघांत एक बरोबर येतोच, म्हणून सहा जणांत किमान पाच आणि आठ जणांत किमान सहा बरोबर आल्याशिवाय फरक मानायचा नाही. सातांतही पाच चालतात. ओतणारा चाखणाऱ्यांत नको, ग्लासांवर तीन आकडी क्रमांक हवेत, आणि वेगळा ग्लास दर वेळी उजवीकडेच नको. निकाल स्वच्छ लागला: पिशवीतली बटर, पेटीतली निर्मळ.

एवढ्यावर सगळा दोष पिशवीवर गेला असता. म्हणून दुसरी चाचणी, ब्रूअरीत करतात ती, तापवून बघायची. पेटीतली, म्हणजे ‘निर्मळ’ ठरलेली लागर घ्या. आधी दोन ग्लासांत खालीवर करून तिचा गॅस काढा, नाहीतर गरम झाल्यावर झाकण उडतं. दोन काचेच्या बरण्यांत १००–१०० मिली ओता आणि झाकणं सैल लावा. एक फ्रिजमध्ये. दुसरी ६०–६५ अंशांच्या पाण्यात, बिअर त्या तापमानाला पोचल्यापासून २० मिनिटं. मग दोन्ही १५–२० अंशांवर आणून डोळे मिटून वास घ्या. फ्रिजमधली स्वच्छ आणि तापवलेली बटरची, तर पूर्वद्रव्य बिअरमध्येच होतं, म्हणजे टाकी लवकर रिकामी केली. दोन्हींत बटर, तर डायअसिटिल आधीच तयार झालेलं. दोन्ही स्वच्छ, तर लागर नीट पिकलेली.

एक पथ्य पाळा. तापवलेल्या बिअरला भाजक्या पावासारखा वास आपोआप येतो आणि नवखं नाक त्यालाच बटर म्हणतं. बाजारातली डब्यातली गाळीव लागर तशीच तापवून शेजारी ठेवा, म्हणजे घोळ होत नाही.

आपल्या हेलेसचा निकाल: फ्रिजमधली निर्मळ, तापवलेली बटर, डब्यातली तापवूनही निर्मळ. कारण टाकीत, उष्णतेने ते फक्त उघडं पाडलं. नाव लिहीत नाही. एका बॅचवरून कुणाला धोपटायचं नसतं, आणि गव्हाची बिअर त्यांचीच उत्तम आहे: केळ आणि लवंग दोन्ही वास ठळक, आणि या वेळी गटातल्या प्रत्येकाने दोन्ही न सांगता ओळखले. हा आनंद मोठा आहे, कारण लवंग कायम निसटायची.

मेन्यूवर चेक किंवा बोहेमियन पिल्सनर लिहिलं असेल तर थोडं बटर चालतं. प्लझेनमध्ये १८४२ साली योसेफ ग्रोलने जी सोनेरी लागर काढली, त्या घराण्यात त्याची हलकी झाक शैलीतच बसते. हेलेस आणि जर्मन पिल्समध्ये मात्र तो दोषच. गुणपत्रिका भरण्याआधी शैली बघा, मग गुण कापा.

काही जणांना हा वास मुळातच कमी येतो, त्यात कमीपणा नाही. सरावासाठी बेकरीच्या सामानाच्या दुकानातला खाण्याचा बटर इसेन्स पुरतो. १०० मिली पाण्यात एक थेंब, त्यातलं चमचाभर ३३० मिलीच्या साध्या लागरमध्ये, आणि वास लागेपर्यंत चमच्याचमच्याने वाढवत न्या. थेट बाटलीतून बिअरमध्ये थेंब टाकला तर सगळ्यांचं नाक तासभर कामातून जातं.

आता पेटी. थर्मोकोलची पेटी स्वस्त, पण एका उन्हाळ्यात कोपरे फुटतात आणि डिकीत तळं होतं. जाड भिंतींची, झाकणाला रबर असलेली घ्या, पैसे वसूल होतात. उन्हाळ्यात लिटरमागे किलोभर बर्फ. लादी फोडून मोठे तुकडे टाका, क्यूब भराभर वितळतात. वितळलेलं पाणी काढू नका, ते ग्राउलरला सगळीकडून टेकतं आणि सुट्या बर्फापेक्षा चांगलं थंड ठेवतं. मीठ मात्र टाकू नका: ५ टक्क्यांची बिअर उणे २-३ अंशांना गोठायला लागते आणि काच तडकते. वरून सोलापुरी चादर दुमडून टाकली की बराच फरक पडतो.

ग्राउलरमध्ये आता स्टीलचा दुहेरी भिंतीचाच. काचेचा स्विंग-टॉप दिसायला देखणा, पण त्याचं रबर हा कच्चा दुवा. अडीच व्हॉल्यूम गॅसची (बिअरच्या अडीचपट आकारमानाचा गॅस विरघळलेली) बिअर ४ अंशांना ०.८ बारच्या आसपास दाब देते, २५ अंशांना तोच दाब २ बारच्या घरात जातो. जुनं रबर तिथे हळूच फुसफुसतं आणि घरी येईतो बिअर बसते. भरताना टॅपला नळी लावून तळापासून भरा आणि फेसावर झाकण दाबा, म्हणजे वरची हवा बाहेर जाते. ग्राउलर आधी थंड नसेल तर अर्धी बिअर फेसातच जाते. बिल आणि परमिट गाडीत, आणि चालवणारा कोरडा. कायद्याची मर्यादा १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅम आहे, अडीचशे किलोमीटरसाठी आपली शून्य.

ग्लासांबद्दल थोडक्यात. आपल्याकडच्या बोअरच्या पाण्याचा पांढरा थर काचेवर बसतो, त्यामुळे शेवटचं खळखळणं आरओच्या पाण्याने. ओल्या ग्लासात बारीक मीठ भुरभुरवा: सगळीकडे सारखं चिकटलं तर ग्लास स्वच्छ, टक्कल पडलं तर तिथे तेल आहे. शेंगा चटणी चाखणं संपल्यावरच काढा. तिच्या तेलाने ओठ लागताक्षणी फेस मरतो आणि लसूण पुढच्या दोन ग्लासांना पुरतो. मध्ये तोंड साफ करायला कडक भाकरीचा कोरडा तुकडा फार छान, दुकानातल्या खाऱ्या बिस्किटांपेक्षा कितीतरी सरस.

पुढच्या फेरीचा बेत असा होता की लागर आणायचीच नाही, ती पुण्यात टॅपवर प्यायची आणि इकडे फक्त गव्हाची आणि स्टाउट. पण हे लिहिता लिहिता सुचलं: तापवायची चाचणी पुण्यात टेबलावरच का करू नये? रुंद तोंडाच्या थर्मासमध्ये ८० अंशांचं अर्धा लिटर पाणी, त्यात पातळ स्टीलच्या छोट्या बाटलीत १०० मिली लागर. मिश्रण ६७ च्या आसपास येतं, भांडी थोडी उष्णता खातात, म्हणजे ६३–६५. हवं तेवढंच. ८० अंश मोजायची गरज नाही: किचनमधून चहाचं उकळतं पाणी तीन वाट्या आणि साधं एक वाटी घेतलं की जवळपास तेवढंच भरतं. वीस मिनिटांत पहिला ग्लास संपतो आणि ग्राउलर भरायचा की नाही याचा निकालही लागतो.

थर्मास कुणाकडे आहे ते कळवा. बाटली मसाल्याची चालणार नाही, वास राहतो. आयपीए (हॉप्सच्या ठळक वासाची बिअर) आणायची असेल तर स्टीलचा ग्राउलर तिच्यासाठी राखून ठेवा. ३२ अंशांचे ३ दिवस म्हणजे २२ अंशांचे ३० किंवा ३ अंशांचे ३००, हा ढोबळ हिशोब हॉप्सच्या वासालाही लागू पडतो, आणि पेटीत एका वेळी चारच ग्राउलर मावतात.