तुम्ही विचारलंत म्हणून: तीन दिवसांत किती किल्ले होतात?

दिवाळी सरली की दरवर्षी कुणाचा तरी फोन येतोच. कधी मावसबहिणीच्या कॉलेजातली मुलं असतात, कधी ऑफिसात नव्यानं लागलेली. प्रश्न ठरलेला. "ताई, तुमचा कॉलेजचा ग्रुप दरवर्षी किल्ले आणि देवळं बघत फिरतो ना? आम्हीपण गाडी करून निघतोय. तीन दिवस आहेत. किती ठिकाणं होतील? यादी द्या ना."

मी सांगते, "दोन."

पलीकडे क्षणभर शांतता. मग मला नीट समजलं नसावं अशा सुरात सांगितलं जातं, "नाही, गाडी आहे आमच्याकडे."

दोन म्हणजे एक किल्ला आणि एक देऊळ. कारण फोनवर सांगून होत नाही, म्हणून एकदा सविस्तर लिहिते.

२००५ चा जानेवारी. सांगलीत इंजिनिअरिंगचं शेवटचं वर्ष. आम्ही सहा जण, चार मुलगे आणि दोघी, भाड्याची सुमो करून निघालो. तीन दिवसांत अकरा ठिकाणं केली. पन्हाळा, जोतिबा, विशाळगड, अंबाबाई, नरसोबाची वाडी, खिद्रापूर आणि मध्ये जे जे रस्त्यात आलं ते. प्रत्येक ठिकाणी उतरायचं, ड्रायव्हरकाकांच्या हातात कॅमेरा द्यायचा, फोटो काढायचा आणि पुन्हा गाडीत. मजा खूप आली, ती मी नाकारणार नाही. सुमोच्या मागच्या सीटवर अंताक्षरी खेळताना जे हसलो, तसं पुढं कामाच्या जागी कधी हसायला मिळालं नाही.

रोल धुऊन आला तेव्हा सगळे मेसमध्ये जमलो. एका फोटोत मोठी कमान होती आणि कमानीखाली आम्ही सहा जण. ही कमान कुठली? एक म्हणाला पन्हाळ्याचा तीन दरवाजा. दुसरा म्हणाला विशाळगडावरची. तिसरा तर ती जोतिबाच्या पायऱ्यांवरची आहे म्हणून अडूनच बसला. आम्ही स्वतः त्या कमानीखाली उभे होतो, आणि सहांपैकी एकालाही ती कुठली हे सांगता येईना. त्या दिवशी मला खरोखर वाईट वाटलं. शिवाजी महाराजांचं नाव घेताना ऊर भरून येणारी आम्ही मुलं, आणि त्यांच्या गडाचा दरवाजा आम्हाला ओळखता आला नव्हता.

पुढच्या वर्षी सगळे नोकरीला लागलेले. सुट्ट्या जुळवता जुळवता हातात दीड दिवस उरला, म्हणून फक्त पन्हाळा ठरला. त्या दीड दिवसात आम्ही जे पाहिलं, त्याच्यामुळंच आज मी "दोन" म्हणते.

पन्हाळ्यावर अंबरखाना आहे. धान्याच्या तीन कोठ्या: गंगा, यमुना, सरस्वती. आदल्या वर्षी गंगा कोठीत आम्ही जेमतेम पाच मिनिटं होतो. आत अंधार, गारवा, वर उंच छत आणि छताला भोकं. "उजेडासाठी असतील," असं कुणीतरी म्हणालं होतं आणि ते सगळ्यांना पटलं होतं. या वेळी आमच्यातला सिव्हिलवाला आत थांबला. वर बघत म्हणाला, "उजेडासाठी एवढी मोठी भोकं ठेवली तर जूनमध्ये आत तळं होईल. हा पन्हाळा आहे, इथं पाऊस कसा पडतो माहीत आहे ना?" मग तो बाहेर गेला. आम्ही त्याच्या मागं. बाहेरच्या अंगाला माथ्यावर नेणारे जिने दिसले. गोदामाच्या छपरावर कशासाठी कोण चढेल? पाठीवर पोतं घेऊन चढणारा माणूस चढेल. धान्य वरून ओतायचं आणि भोक झाकून टाकायचं. सोळा खण, प्रत्येक खणाला वेगळं भोक, म्हणजे सगळीकडं सारखी भरती.

इथवर कळल्यावर त्याला थांबवणं शक्यच नव्हतं. त्यानं कोठी पावलांनी मोजली. दुपारी पिठलं-भाकरी खाताना हॉटेलच्या बिलाच्या पाठीवर हिशेब मांडला. ते बिल आजही त्याच्या घरी आहे. कोठीचं क्षेत्रफळ साधारण ९५० चौरस मीटर (हा आकडा पुढं एका पुस्तकात सापडला, त्याची पावलं फारशी चुकली नव्हती). उंची साडेदहा मीटरच्या वर. तेवढी भरत नसतील, आपण तीनच मीटर भरली असं धरू. भिंती आणि खांब वजा करून २ हजार घनमीटर धान्य. घनमीटरला पाऊण टन धरलं तर दीड हजार टन.

आता खाणारी तोंडं. यावर सगळ्यांत मोठं भांडण झालं. शेवटी गडावर ८ हजार माणसं धरायची असं ठरलं, माणशी रोज पाऊण किलो. म्हणजे दिवसाला ६ टन. सिद्दी जौहरचा वेढा १६६० च्या मार्चच्या सुरुवातीला पडला आणि महाराज १२ जुलैच्या रात्री निसटले. साधारण १३० दिवस. १३० गुणिले ६, झाले ७८० टन.

बिलावरचा तो आकडा बघून सगळे गप्प झाले. आमच्या सगळ्यांच्या डोक्यात शाळेपासून एकच चित्र होतं: वेढा पडला, दाणागोटा संपत आला, म्हणून महाराज निघाले. कोठी किती भरलेली होती हे बिलाच्या पाठीवर कळत नाही, हे आम्हालाही समजत होतं. तरी एवढी एक कोठी आमच्या हिशेबाच्या अर्ध्याहून थोडी जास्त भरलेली असती तरी वेढा काढता आला असता, आणि अशा कोठ्या तीन. पाण्याचं म्हणाल तर तीन दरवाजाजवळ अंधारबाव आहे. तीन मजली बांधकामाच्या पोटात लपवलेली विहीर, भिंतीत पहारेकऱ्यांसाठी कोनाडे. शत्रूनं पाण्यात विष कालवू नये म्हणून एवढा खटाटोप. मग ऐन आषाढात, चिखलात, रात्री बाहेर पडायची जोखीम कशाला?

उत्तर गडावर नव्हतं. घरी आल्यावर पुस्तकं काढली, एकमेकांना फोन केले. त्याच मे महिन्यात शाहिस्तेखान पुण्यात येऊन बसला होता. चाकणच्या संग्रामदुर्गात फिरंगोजी नरसाळा मूठभर माणसांनिशी मोगलांना तोंड देत होता. नेताजी पालकरांनी बाहेरून वेढा फोडायचा प्रयत्न केला, तो फसला. राजापूरचे इंग्रज तोफा घेऊन सिद्दीच्या मदतीला आले होते. पावसाळ्यात वेढा ढिला पडेल ही आशाही सिद्दीनं ठेवली नाही. हे सगळं शेजारी शेजारी मांडल्यावर आम्हाला लख्ख दिसलं: पन्हाळ्यावर वर्षभराचं धान्य असतं तरी महाराजांना तिथं अडकून राहणं परवडणारं नव्हतं. एका बाजूला सिद्दी, दुसऱ्या बाजूला मोगल, आणि राज्याचा धनी मध्ये कोंडलेला. शिवा काशीद महाराजांचं सोंग घेऊन पालखीत बसले आणि मरणाला सामोरे गेले, बाजीप्रभू आणि बांदलांनी घोडखिंड अडवली, ते कशासाठी, हे मला सव्विसाव्या वर्षी खऱ्या अर्थानं कळलं. पाठ तर चौथीतच होतं.

छताच्या एका भोकापासून आम्ही इथवर आलो. अकरा ठिकाणांच्या यादीत हे बसत नाही.

पुढं एका जुलैमध्ये आमच्यातले तिघं राजदिंडीकडून मसाई पठारावरून पावनखिंडीपर्यंत चाललो. दरवर्षी हजारो लोक हा मार्ग चालतात, आम्हीही अशाच एका जथ्यात होतो. दिवसाउजेडी, मध्ये मुक्काम करून दोन दिवस लागले. भाताच्या खाचरातून पाय उपसता उपसता बोलणंच संपलं होतं. ते लोक रात्री निघाले, पालखी खांद्यावर घेऊन, मागं घोडदळ. त्याबद्दल मी यापेक्षा जास्त लिहिणार नाही. चालून बघा.

आता देवळाकडं. गडाबरोबर देऊळ कुठलं घ्यायचं? माझं उत्तर असतं, त्या गडाशी ज्याचं नातं आहे ते. पन्हाळा घेतलात तर खिद्रापूर घ्या. नकाशावर ही दोन टोकं दिसतील. पन्हाळा कोल्हापूरच्या वायव्येला डोंगरावर, खिद्रापूर पार शिरोळ तालुक्याच्या कडेला, कृष्णेच्या काठी, पलीकडं कर्नाटक. धागा आहे तो शिलाहारांचा. पन्हाळा ही शिलाहार भोज दुसरा याची राजधानी. बाराव्या शतकाच्या अखेरीचा हा राजा, त्याच्या घराण्यातला शेवटचा. आपल्या भागातल्या पंधरा किल्ल्यांचं श्रेय परंपरेनं त्यालाच दिलं जातं. खिद्रापूरचं कोपेश्वर मंदिरही याच शिलाहारांच्या काळात आकाराला आलं. देवगिरीच्या यादव सिंघणानं भोजाचा पराभव केला, पन्हाळा घेतला आणि घराणं संपवलं. त्याच सिंघणाचा शिलालेख कोपेश्वराच्या देवळात आहे. देवाच्या पूजेअर्चेसाठी एक गाव दान दिल्याचा.

ज्याचं राज्य बुडवलं, त्याच्याच देवळाला गाव इनाम. ही गोष्ट मला पहिल्यांदा कळली तेव्हा मी त्या लेखासमोर बराच वेळ उभी होते. अक्षरं देवनागरी आहेत, थोडी थोडी लावता येतात. एकेक अक्षर ओळखीचं निघालं की अंगावर काटा येतो. पन्हाळ्याच्या तीन दरवाजावर असंच आहे. आदिलशाहीतला फारसी लेख एकीकडं आणि मराठ्यांनी पुढं कोरलेला गणपती दुसरीकडं, एकाच दरवाजावर. नवीन धनी आला, त्यानं आपली खूण ठेवली आणि आधीच्याची राहू दिली. (हाच तो दरवाजा. फोटोतली कमान याचीच होती. गणपतीवरून ओळख पटली.)

खिद्रापूरला स्वर्गमंडपात बसा. घाई करू नका. खांबांच्या वर्तुळावर उभा असलेला मंडप आणि मधोमध छताला गोल मोकळं आकाश. खाली बरोबर तेवढीच गोल शिळा. त्रिपुरारी पौर्णिमेला चंद्र त्या झरोक्याच्या मध्यावर येतो म्हणून रात्री मोठी गर्दी होते. आम्ही मात्र मुद्दाम साध्या दिवशी जातो, सकाळी आठला, आणि दुपारपर्यंत हलत नाही. उन्हाचा गोल तुकडा एका बाजूच्या खांबांवरून उतरत उतरत फरशीवर येतो. तो ज्या खांबावर असतो, त्याचं कोरीवकाम तेवढा वेळ उठून दिसतं. पुढं सरकला की दुसऱ्याचं. वीस मिनिटांत जाणाऱ्याला एकच खांब दिसतो.

बाहेरून देवळाला प्रदक्षिणा घातली की गजपट्ट दिसतो. सगळं देऊळ हत्तींच्या पाठीवर तोललंय. नव्वदीच्या घरात हत्ती आहेत, आणि एकाची झूल, सोंड, दागिने दुसऱ्यासारखे नाहीत. आमच्यातली कॉम्प्युटरवाली मैत्रीण दर खेपेला मोजते आणि दर खेपेला तिचा आकडा वेगळा येतो, कारण काही इतके झिजलेत, फुटलेत, की धरायचे की नाही हेच ठरत नाही.

गाभाऱ्यासमोर नंदी नाही. पहिल्या वर्षी हे आमच्या ध्यानातही आलं नव्हतं. शंकराच्या देवळात जाऊन नंदी नाही हे न दिसणं म्हणजे काय धावतपळत गेलो असू! कथा अशी सांगतात की सती नंदीवर बसून दक्षाच्या यज्ञाला गेली, म्हणून तो इथं नाही. तो कृष्णेपलीकडं यडूरला आहे. सतीच्या जाण्यानं कोपलेला म्हणून कोपेश्वर, आणि त्याची समजूत काढायला आलेला विष्णू धोपेश्वर, लिंगरूपानं शेजारीच. शिव आणि विष्णू एकाच गाभाऱ्यात. आजीकडून ऐकलेल्या कथेला असं दगडाचं घर सापडलं की मला फार बरं वाटतं.

परतताना वाडीला दत्ताचं दर्शन, कवठाची बर्फी आणि बासुंदी. हे यादीत मोजायचं नाही, ते वाटेतच आहे.

तुम्ही विचारता, दोनच ठिकाणी तीन दिवस काय करणार? कंटाळा येईल. पहिले दोन तास येतो, खरं आहे. फोटो संपतात, बोलणं संपतं, कुणीतरी घड्याळ बघतं. तिथंच थांबायचं. त्यानंतर कुणाच्या तरी तोंडून "हे असं का?" निघतं. आमचे सगळे चांगले प्रश्न त्या दोन तासांनंतर निघालेत. एक विनंती करते. भिंतीवर नाव कोरणारी मुलं मी पुष्कळ पाहिली, आणि ती सगळी घाईतली होती. गंगा कोठीच्या दाराशी विजापुरी धाटणीचं चुन्याचं नक्षीकाम आहे. ते जरा वेळ नीट बघितलेल्या माणसाचा हात त्याला ओरखडा काढायला उचलत नाही, असा माझा अनुभव आहे.

२०२५ च्या जुलैमध्ये युनेस्कोनं मराठ्यांच्या १२ किल्ल्यांना जागतिक वारशात घेतलं, त्यात पन्हाळाही आहे. बातमी आली त्या रात्री आमच्या ग्रुपवर सिव्हिलवाल्यानं त्या जुन्या बिलाचा फोटो टाकला. तेलाचे डाग पडलेलं बिल, पाठीवर ७८० चा आकडा. रात्री दीडपर्यंत सहाही जण पुन्हा भांडत होतो, माणशी पाऊण किलो जास्त होतं की कमी.

तर यंदा जाणार असाल तर पन्हाळा आणि खिद्रापूर. आणि जमलं तर एक काम करा. आमच्या हिशेबात गंगा कोठीच्या भिंतीची जाडी अंदाजानं धरलेली आहे. दाराच्या चौकटीपाशी ती काटेकोर मोजता येते. मोजा आणि मला कळवा.