फॉर्ममध्ये नसलेला रकाना

अवयवदान समन्वयकाला नकार पचवायची सवय असते. त्या दिवशी घरच्यांचा होकार होता, आणि पंचाईत त्यामुळेच झाली.

पेशंट पस्तिशीची, मेंदूत रक्तस्राव झालेला. बाहुल्या उजेडाला हलत नव्हत्या, कानात बर्फाचं पाणी सोडूनही डोळे जागचे हलले नाहीत. व्हेंटिलेटर बाजूला करून, ऑक्सिजन चालू ठेवून रक्तातला कार्बन डायऑक्साइड वाढू दिला, तरी छाती उचलली गेली नाही. सहा तासांनी हेच सगळं पुन्हा. दुसऱ्या तपासणीनंतर मेंदूमृत्यू जाहीर होतो आणि तोवर मी आयसीयूकडे फिरकत नाही. उपचार करणारे वेगळे, दान मागणारे वेगळे. ही भिंत पाळली नाही, तर डॉक्टर नक्की कुणाला वाचवतायत असा संशय नातेवाइकांच्या मनात शिरतो, आणि तो रास्तच असतो.

मी बसते न बसते तोच नवऱ्यानं विषय काढला. "मॅडम, तिचं सगळं देऊन टाकायचंय. हृदय तरी कुठे चालू राहील." वडिलांनी मान हलवली. खोटं कशाला बोलू, माझ्या डोक्यात हिशेब सुरू झाला होता. काढलेलं हृदय चार ते सहा तासांत बसवावं लागतं, मूत्रपिंड दिवसभर थांबतं, यकृताला त्याहून कमी वेळ.

तरी ठरलेला प्रश्न विचारला, "त्या स्वतः याबद्दल कधी काही बोलल्या होत्या?"

"नाही," नवरा म्हणाला.

"बोलली होती." धाकटी बहीण दाराशी उभी होती. "ताईला नको होतं. आमच्या काकांच्या वेळी मला म्हणाली होती, माझं असं काही करू नका, मला अख्खी जाऊ द्या."

"असं माणूस सहज बोलून जातं," नवरा चिडला. "कुठे लिहून ठेवलंय का तिनं?"

लिहून ठेवलं नव्हतं. आणि त्याचा प्रश्न वेडावाकडा नव्हता. वेल्समध्ये २०१५ पासून आणि इंग्लंडमध्ये २०२० पासून, प्रौढ माणसानं 'नको' असं नोंदवलं नसेल तर त्याची संमती गृहीत धरतात. सिंगापूरमध्ये तर १९८७ पासून मूत्रपिंडासाठी असा कायदा आहे, आणि त्यातून बाहेर पडणारा स्वतःला अवयव लागला तर यादीत मागे जातो. स्पेनचा कायदा १९७९ चा. पण तिथलं दान खऱ्या अर्थानं वाढलं ते १९८९ मध्ये राष्ट्रीय प्रत्यारोपण संघटना उभी राहिल्यावर, हॉस्पिटलाहॉस्पिटलांत समन्वयक बसल्यावर. आणि गृहीत संमती असूनही तिथं घरच्यांना विचारतातच. या बाईसारखं स्वयंपाकघरात बोलून गेलेलं 'नको' कुठल्याच नोंदवहीत नसतं. ते बाहेर येतं ते दाराशी उभं असलेलं कुणीतरी बोललं तरच.

मला खरं टोचलं ते वेगळंच. दानाचं कार्ड भरलेल्या माणसाचा भाऊ 'नको' म्हणाला की आम्ही निमूट उठतो. मेलेल्याच्या होकाराला आम्ही इतक्या सहज सोडतो, मग तिच्या नकारासाठी आज एवढं अडून बसायचं का? दोन्हीकडे बोलणं गेलेल्या माणसाचं स्वतःचंच. एक पाळायचं आणि एक नाही, याचं धड उत्तर माझ्याकडे नव्हतं, आजही नाही. शिवाय मी तो प्रश्न बहुतेकदा होकार पक्का करायला विचारते, हेही त्या खोलीत बसून लक्षात आलं.

नियम मात्र स्पष्ट होता: हयातीत विरोध दर्शवला असेल तर वारसाची सही चालत नाही. मी नवऱ्याला म्हटलं, "तुम्ही देताय त्यात चूक काहीच नाही. पण त्यांचं म्हणणं आता माझ्या कानावर आलंय. ते ऐकलंच नाही असं मला दाखवता येणार नाही."

तो बराच वेळ बहिणीकडे बघत राहिला. "मला का नाही सांगितलं तिनं?"

"तुम्ही विचारलं नसेल, भाऊजी," ती म्हणाली.

व्हेंटिलेटर काढताना तिघंही आत होती. मी बाहेर.

संध्याकाळी नोंद करायला बसले. दान न होण्याची कारणं संगणकात आधीच ठरलेली असतात: वैद्यकीय अडचण, कुटुंबाचा नकार, कायदेशीर अडचण. 'दात्याचा स्वतःचा नकार' असा रकानाच नव्हता. रिकामं सोडलं तर नोंद पुढे सरकेना. शेवटी 'कुटुंबाचा नकार' निवडलं. महिन्याच्या अहवालात ती तशीच मोजली गेली.