विरजण नववे: रंग उतरला, पण मुगाची मुळं आखूडच

मागच्या नोंदीत सहाव्या विरजणापर्यंत आलो होतो. आता नववं चालू आहे, आणि मधल्या सात आठवड्यांत माझं एक मत पार बदललं, म्हणून ही नोंद जरा लांबणार.

नव्याने आलेल्यांसाठी आधी थोडक्यात सांगतो. मी इचलकरंजीचा. इथे कापड आणि सूत रंगवलं जातं, आणि धाग्याने न धरलेला रंग धुण्याच्या पाण्याबरोबर वाहून जातो. असं पाणी वर्षानुवर्षं मुरलेल्या एका नाल्याच्या काठचा वाटीभर काळा गाळ मी हातमोजे घालून आणला. तो अर्धा लिटरच्या बरणीत घालून त्यात लाल रिअॅक्टिव्ह रंग (धाग्याशी रासायनिक बंधाने जोडला जाणारा) टाकला, लिटरला ५० मिलिग्रॅम या मापाने. सोबत थोडा गूळ, खायचा सोडा आणि चिमूटभर डीएपी खत. पाण्याचा रंग उतरला की त्यातलं ५० मिलि पाणी ताज्या ४५० मिलि रंगीत पाण्यात घालायचं. दही लावतो तसंच, म्हणून मी त्याला विरजण म्हणतो. खाणं एकाच जातीचं ठेवायचं आणि ते पचवणाऱ्यांना वाढू द्यायचं, ही रीत बायेरिंक आणि विनोग्राड्स्की या सूक्ष्मजीवशास्त्रज्ञांनी शंभराहून अधिक वर्षांपूर्वी रुळवली.

आकडे असे: पहिल्या बरणीला लाल उतरायला १३ दिवस लागले, तिसरीला ६, सहावीला ३. नववी दुसऱ्या दिवशी संध्याकाळी फिकट पिवळी झाली होती. पांढऱ्या कागदापुढे धरली तर पलीकडची अक्षरं वाचता येत होती.

सोबत दोन बरण्या ताळ्यासाठी ठेवल्या होत्या. एकीतला गाळ मी जुन्या कुकरमध्ये (तो आता फक्त याच कामाला) तीन दिवस लागोपाठ शिजवला, कारण एकदा शिजवून गाळातले सगळे बीजाणू (जिवाणूंची तग धरून राहणारी रूपं) मरतीलच असं नाही. तिथेही पाणी थोडं फिकं झालं, पण गाळाचे कण लालसर दिसू लागले. म्हणजे रंग तुटला नव्हता, गाळाला चिकटला होता. गाळ घेऊन प्रयोग करणाऱ्या प्रत्येकाने ही बरणी ठेवावीच. तिच्याशिवाय मी फसलो असतो. दुसऱ्या बरणीत पहिल्या तासापासून मासे पाळण्याच्या पेटीचा पंप लावला. ती लालच्या लाल राहिली.

याचं कारण समजून घेण्यासारखं आहे. या रंगांचा लालपणा नायट्रोजनच्या दोन अणूंमधल्या दुहेरी बंधावर, म्हणजे अझो बंधावर अवलंबून असतो. जिवाणू गूळ आंबवताना इलेक्ट्रॉन मोकळे होतात आणि त्यांची विकरं (एन्झाइम) ते या बंधावर टाकतात. बंध तुटला की रंग गेला. पण पाण्यात ऑक्सिजन असेल तर इलेक्ट्रॉन आधी त्याच्याकडे धावतात, रंगाच्या वाट्याला काही उरत नाही. म्हणून बरणी झाकून, न हलवता ठेवायची.

आता जुळवून घेण्याबद्दल. सहाव्या विरजणापर्यंत मी म्हणत होतो की माझे जिवाणू नवं काही शिकले. आता तसं म्हणणार नाही. दर विरजणाला दहापट वाढ धरली तर सव्वातीन पिढ्या होतात. नऊ विरजणांत सुमारे तीस. एवढ्यात नवं विकर घडत नसतं. अझो बंध तोडणारी विकरं अनेक जिवाणूंकडे आधीपासून असतात, ती क्विनोन या दुसऱ्याच रेणूंवर काम करतात. माझ्या बरणीत बहुधा इतकंच झालं: रंगाने ज्यांना इजा होत नव्हती ते वाढले, बाकीचे मागे पडले.

खरोखर नवं शिकणं कसं असतं ते पाहायचं तर अॅट्राझिनकडे पाहावं. आपल्याकडे ऊस आणि मक्यात तण मारायला वापरतात तेच. ते १९५० च्या दशकाच्या अखेरीस बाजारात आलं. १९९० च्या दशकात अमेरिकेत मिनेसोटातल्या, अॅट्राझिन सांडलेल्या जागेच्या मातीतून स्यूडोमोनास जिवाणूंची एक जात मिळाली, जी अॅट्राझिन नायट्रोजनसाठी वापरते. तिची जनुकं प्लाझमिडवर, म्हणजे एका जिवाणूकडून दुसऱ्याकडे जाऊ शकणाऱ्या डीएनएच्या कड्यावर आहेत. त्यातलं पहिलं विकर मेलामाइन या दुसऱ्या रसायनावर काम करणाऱ्या एका विकराचं सख्खं भावंड: ४७५ अमिनो आम्लांपैकी फक्त ९ वेगळी. काही दशकांत एवढासा बदल, आणि तो शेजाऱ्यापाजाऱ्यांत वाटला गेला. हे वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही.

माझं बदललेलं मत मात्र रंगाविषयीचं आहे. पाणी पारदर्शक झालं की काम फत्ते, असं मी धरून चाललो होतो. सातव्या बरणीचं फिकट पिवळं पाणी उघडून त्यात पंप लावला, आणि दुसऱ्या सकाळी ते चहासारखं तपकिरी झालं होतं. अझो बंध तुटल्यावर ॲरोमॅटिक अमाइन्स (कार्बनच्या वलयाला नायट्रोजन जोडलेले रेणू) उरतात, त्यातली काही हवा लागताच आपोआप ऑक्सिडाइज होऊन गडद होतात. रंग गेला होता, रेणूची वलयं तिथेच होती. अशी काही अमाइन्स मूळ रंगापेक्षा जास्त विषारी असतात.

मग पाण्याचा विषारीपणा जोखायला मूग काढले. चार ताटल्यांत ओला टिपकागद, प्रत्येकीत २० दाणे, तीन दिवस. साध्या पाण्यात मुळं सरासरी ४१ मिलिमीटर. गूळ, सोडा, डीएपी घातलेल्या पण बिनरंगाच्या पाण्यात ३६. लाल पाण्यात २५. फक्त रंग उतरलेल्या पाण्यात १७, आणि मुळांची टोकं तपकिरी, गोगलगायीसारखी आत वळलेली. ती ताटली मी बराच वेळ हातात धरून बसलो होतो.

अमाइन्सची वलयं फोडायला बहुधा हवा लागते आणि दुसरी माणसं लागतात, म्हणजे दुसरे जिवाणू. म्हणून आठव्यापासून दुसरं विरजण वेगळं सुरू केलं आहे: तोच नाल्याचा गाळ आणि परसातल्या गांडूळखताची चमचाभर माती, पंप चोवीस तास चालू, खायला फक्त पहिल्या टप्प्यातल्या, रंग उतरवणाऱ्या बरणीचं फिकट पाणी, गूळ नाही. पहिल्या दोन खेपांना ते तपकिरी झालं. तिसऱ्या खेपेला, परवा, फिकटच राहिलं. तपकिरी होण्याआधीच कुणीतरी अमाइन्स उचलत असावं, असा माझा कयास आहे. त्या पाण्यातल्या मुगांची मुळं आज ३१ मिलिमीटर भरली.

एकाच ताटलीवरून फार बोलत नाही, याच आठवड्यात तीन ताटल्या पुन्हा लावतोय. ज्यांच्याकडे पंप आहे त्यांनी दोन टप्प्यांची बरणी करून पाहावी आणि मुळांची मापं जरूर कळवावी. वापरलेलं पाणी कुणीही मोरीत ओतू नका. माझं एका ओळखीच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत रासायनिक कचऱ्यात जातं.

दहावं विरजण रविवारी. रिअॅक्टिव्ह रंगाईत मीठ पुष्कळ पडतं, म्हणून आता पाण्यात लिटरला १० ग्रॅम मीठ घालून सुरुवात करणार.