माझी पट्टी बाईंनी शोधली

शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी चार ओळी लिहून द्या, असं पत्र आलं आणि वहीत पहिला शब्द उमटला तो 'बाई'. इतर गुरुजनांनी राग मानू नये. गणित-भूगोल मी इथंच शिकले, पण मला माझा गळा दिला तो संगीताच्या बाईंनी.

1984 चं गॅदरिंग. मी आठवीत. समूहगीताच्या तालमी कोपऱ्यातल्या खोलीत चालायच्या. पट्टी, म्हणजे गाण्याचा मूळ सूर, काळी पाच: पेटीवरची पाचवी काळी पट्टी, उंच सुराची. बाकीच्या मुली सहज चढायच्या, मी तोंड उघडलं की खर्जातलं काहीतरी निघायचं. एक दिवस तालीम बघायला बाहेरचे पाहुणे आले. ते सगळ्यांसमोर म्हणाले, "ह्या मुलीला गप्प बसवा, बाप्याचा आवाज आहे." बाई काही बोलल्या नाहीत. त्यांनी माझ्या हातात टाळ दिले. आठवडाभर मी टाळ वाजवले आणि रोज घरी जाऊन रडले.

शनिवारी शाळा सुटल्यावर बाईंनी मला थांबवून घेतलं. पेटी उघडली. काळी पाचवरून बोट खाली आलं, काळी तीनवर थांबलं, आणखी खाली, काळी दोन.

"म्हण आता."

"बाई, ही पोरांची पट्टी."

"तुझी हाय का नाही, ते बघ. म्हण."

मी अख्खं गाणं म्हटलं, कुठंही न अडता. कुलूप लावायला आलेले शिपाईमामा किल्ल्या हातात धरून दारातच उभे राहिले होते.

मग बाईंनी मला पॉप गायिका उषा उथुपची गोष्ट सांगितली. मुंबईत वाढलेली तमिळ मुलगी. भायखळ्याच्या शाळेत तिलाही, आवाज गाण्यात बसत नाही म्हणून, गाण्याच्या वर्गातून बाहेर काढलं होतं. पण मुलीत सूर आहे हे तिच्या बाईंनी ओळखलं आणि वाजवायला काहीतरी हातात देऊन तिला गाण्याजवळ ठेवलं. तेव्हा मला माझ्या टाळांचा अर्थ कळला! लहानपणीच ती रेडिओ सिलोनवर गायली. पुढं मद्रासच्या माउंट रोडवर 'नाइन जेम्स' नावाच्या नाइट क्लबमध्ये ती पहिल्यांदा उभी राहिली, अंगावर साडी. तिथून 1969 मध्ये कलकत्त्याला, पार्क स्ट्रीटवरच्या 'ट्रिंकाज' रेस्टॉरंटमध्ये. कपाळावर ठसठशीत टिकली, केसात फुलं, आणि तोंडी इंग्रजी गाणी. कोल्हापूरच्या देवल क्लब या संगीतसंस्थेच्या बैठका ऐकून वाढलेल्या, शास्त्रीय गायक खाँसाहेब अल्लादियाखाँचं नाव घेताना कानाला हात लावणाऱ्या आमच्या बाई हे सगळं इतक्या मायेनं सांगत होत्या, की घरातल्याच पोरीचं कौतुक चाललंय असं वाटावं.

त्या गॅदरिंगला समूहगीतानंतर मी एकटी गायले.

बारावीनंतर ऑर्केस्ट्रात बोलावणं आलं तेव्हा आमचे आबा कडाडले, "हाटेलात गाणार व्हय माझी पोरगी?" बाई मंगळवार पेठेत आमच्या घरी आल्या, चहा घेतला, आणि आबांना म्हणाल्या, "साडी नेसून गाईल. तिच्या कार्यक्रमाला पहिल्या रांगेत मी बसेन." बसल्याही, केशवराव भोसले नाट्यगृहात, शेवटपर्यंत. पुढं गणेशोत्सवात गल्लोगल्ली गायले, मग पुण्यात एका हॉटेलात सात वर्षं शनिवार-रविवार रात्री. एकदाही मान खाली घालून गायले नाही. आज माझ्या क्लासात बावीस मुली आहेत. प्रत्येकीची पट्टी मी पहिल्या दिवशी शोधते, गाणं नंतर.

ऑगस्ट 2024 मध्ये नाट्यगृह जळालं त्या रात्री मला बाईंची ती खुर्ची आठवत राहिली. त्याच वर्षी उषाताईंना पद्मभूषण जाहीर झाला होता, पण ती बातमी सांगायला बाई नव्हत्या. मागच्या महिन्यात शाळेत आले तर कोपऱ्यातल्या खोलीत कॉम्प्युटर मांडलेले. मुलांना कॉम्प्युटर हवेतच. पण पेटी कुठं गेली, हे कुणालाच सांगता आलं नाही. ती सापडली तर कृपा करून मोडीत घालू नका, मी येऊन घेऊन जाईन.

समारंभात मला एक गाणं म्हणायला सांगितलंय. साथीला जे कुणी बसतील त्यांना आधीच कळवून ठेवते, काळी दोन.