सव्वासहा टक्के

रविवार, रात्री साडेअकरा. पाऊस सकाळपासून लागूनच आहे. लग्नाच्या जुन्या डीव्हीडी मी आक्काला छोट्या प्लेअरवर घालून दिल्यात, तेच ती बघत होती.

"बघ की रं, केवढी बारीक होते मी तेव्हा!" एवढंच म्हणाली आक्का. चष्मा कपाळावर, प्लेअर नाकाशी. आणि मी "हो" म्हणालो. तो "हो" जेवतानाही घशातच होता.

ती बारीक नव्हती. मी केली. सव्वासहा टक्क्यांनी.

पाल, म्हणजे आपल्याकडच्या टीव्हीच्या पद्धतीच्या डीव्हीडीवर चित्र ७२० बाय ५७६ पिक्सेलमध्ये साठवलेलं असतं, पण ते पिक्सेल चौरस नसतात. ४:३ च्या शूटिंगमध्ये ते उंचीपेक्षा किंचित रुंद असतात, १६:१५. टीव्हीवर तेच चित्र पसरून ७६८ बाय ५७६ होतं आणि माणसं माणसांसारखी दिसतात. आक्काचा प्लेअर म्हणजे आयपॉड क्लासिक, त्याला जास्तीत जास्त ६४० बाय ४८० चालतं. मी सरळ ७२० भागिले ५७६ केलं, ४८० उंचीला ६०० रुंदी काढली, एफएफएमपेग या व्हिडिओ बदलायच्या प्रोग्रॅममध्ये 'स्केल=६००:४८०' लिहिलं. वर शहाणपणा म्हणून 'सेटसार=१'. म्हणजे फाइलला ठणकावून सांगितलं की पिक्सेल चौरसच आहेत. ते एक लिहिलं नसतं तर मूळची १६:१५ ची खूण पुढे गेली असती आणि निदान कॉम्प्युटरवर तरी चित्र सरळ दिसलं असतं.

प्लेअरचा पडदा ३२० बाय २४०. त्यावर माझं चित्र ३०० रुंद भरतं, दोन्ही कडांना दहा-दहा पिक्सेलची काळी पट्टी राहते. त्या पट्ट्या मला पहिल्याच दिवशी दिसल्या होत्या. स्टुडिओवाल्यानं मिक्सिंगमध्ये चौकट टाकली असेल म्हणून सोडून दिल्या. बदाम उडवणारा माणूस चौकटही टाकेल.

आज खात्री करून घेतली. चेहऱ्यावरून कळत नाही, समोरून दिसणारं गोल काहीतरी लागतं. कार्यालयाच्या भिंतीवरचं घड्याळ सापडलं. फ्रेम थांबवून मोजलं: उंची ९६ पिक्सेल, रुंदी ९०. अंड्यासारखं घड्याळ, आणि त्यात एक वाजायला दहा कमी. मुहूर्त बारा पस्तीसचा होता. तो उशीर कोणामुळे झाला ते आता नको.

ज्या कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी सिनेमासाठी स्वतःचा कॅमेरा घडवला, तिथं मला एक रुंदी धड काढता आली नाही.

बरं, हे सोडून बाकीचं किती केलं ते कोणाला दिसतं का? बावीस डिस्क. रेक्झिनच्या पाकिटात दमटपणानं चिकटून बसलेल्या. एकेक साध्या पाण्याखाली धरली, जुन्या धोतराच्या मऊ तुकड्यानं मधून कडेकडे सरळ पुसली. गोल फिरवून पुसलं तर ओरखडा डेटाच्या ओळीबरोबर धावतो आणि प्लेअरला तो भरून काढता येत नाही. मग प्रत्येकीची आधी आयएसओ इमेज, म्हणजे अख्ख्या डिस्कची जशीच्या तशी प्रत. थेट डिस्कवरून कन्व्हर्ट करायला बसलं की एका खराब जागेपाशी तासाभराचं काम अडकतं. डीव्हीडी आतून बाहेर लिहिली जाते, म्हणून भरलेल्या डिस्कचा शेवट बाहेरच्या कडेला येतो, आणि बोटं लागतात, कड सुटते तीही तिथंच. तीन डिस्कवर पाठवणीच गेली होती. डीडीरेस्क्यू या खराब डिस्क वाचणाऱ्या प्रोग्रॅमनं आधी चांगला भाग उचलला, मग मॅप फाइलच्या, म्हणजे काय वाचलं नि काय राहिलं त्या नोंदीच्या आधारानं उरलेल्या सेक्टरांवर पुन्हा पुन्हा फेऱ्या. दोन सुटल्या. तिसरीत ताई गाडीत बसते आणि चित्र चौकोन चौकोन होतं.

एका डिस्कची आयएफओ फाइलच, म्हणजे कुठं काय आहे ते सांगणारी, गेलेली; बाकीच्या डिस्क ज्यात कन्व्हर्ट केल्या त्या हँडब्रेकला टायटल दिसेना. मग व्हीओबी फाइली, ज्यांत प्रत्यक्ष चित्र आणि आवाज असतो, हातानं जोडल्या. एकेक १ जीबीच्या आत असते, कापलेली कुठंही, पार मंगलाष्टकाच्या मध्ये. सुटी सुटी कन्व्हर्ट केली तर सांध्यावर आवाज अडखळतो, म्हणून आधी एकामागे एक जोडायच्या. शून्य क्रमांकाची घ्यायची नाही, ती मेन्यूची. त्या डिस्कपायी एफएफएमपेगकडे गेलो आणि तिथंच हा घोळ झाला. हँडब्रेकनं रुंदी आपोआप बरोबर काढली असती.

लग्नाचं शूटिंग इंटरलेस्ड, म्हणजे एका फ्रेममध्ये दोन क्षणांच्या ओळी एकाआड एक. हात हलला की बांगड्यांना कंगव्याचे दात येतात. डीइंटरलेस आधी, स्केल नंतर. उलटं केलं तर दात चित्रात विरघळतात, मग कुठलाच फिल्टर ते काढत नाही. हे मात्र मी बरोबर केलं होतं. आयपॉडला चालतील अशी सेटिंगं: एच.२६४, बेसलाइन प्रोफाइल, व्हिडिओ १२०० केबीपीएस, आवाज एएसी १२८, दोन तासांची फाइल साधारण १.२ जीबी. सगळं बरोबर. आणि आक्का बोलली काय, तर बारीक होते.

खरं तर तसंच ठेवणार होतो. कोणाचं काय जातंय? बाई खूश आहे. हार्ड डिस्कवर बरोबर प्रत ठेवायची, प्लेअरमध्ये तिची ६०० वाली. तशी दोन फोल्डरंही केली. सव्वासहा टक्के म्हणजे काय, फोटोग्राफर बाजूनं उभं करतो ते तेवढ्याचसाठी ना.

मग कन्यादानाची फ्रेम लागली. आक्का बसलीय आणि शेजारी अण्णा. फ्रेम एकच, तिला आत ओढायचं तर त्यांनाही ओढावं लागतं. आणि अण्णांच्या अंगावरून तेव्हाच किती उतरलं होतं, ते... कोट सैल दिसतोय. किती कोटामुळे आणि किती माझ्या ६०० मुळे, हे त्या चित्रावरून सांगता येईना. मी खांद्यापासून खांद्यापर्यंत पिक्सेल मोजले, पुन्हा मोजले, मग मोजणं थांबवलं.

फाइलमधली नुसती खूण बदलली तर काम दोन मिनिटांचं आहे, पण छोटे प्लेअर ती खूण मानतीलच असं नाही. ६०० वालीच ताणून ६४० करणं म्हणजे झेरॉक्सची झेरॉक्स. सरळ इमेजवरून पुन्हा, स्केल=६४०:४८०. इमेज ठेवल्या होत्या म्हणून डिस्क परत धुवायला नकोत, देव पावला.

लॅपटॉप तिपाईवर, खाली दोन वह्या घालून वारा खेळता ठेवलाय. तासाभरात पहिली फाइल निघेल, लाइट गेली नाही तर. आक्काचं फोल्डर अजून पुसलेलं नाही, सकाळी पुसेन.

उद्या तिनं विचारलं तर कडेच्या काळ्या पट्ट्या काढल्या म्हणून सांगायचं. ते खोटं नाही.